निळी रेघ

आईस, इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी खुशाल आहे, जेवणही वेळेवर होतं. सध्या घरांच्या भिंतींवर निळी रेघ ओढतोय. समुद्र वाढला की पाणी कुठवर चढेल ते शास्त्रज्ञ बाई मोजून देतात. आकडे कुणी वाचत नाही, रेघ रोज दिसते.

काल किनाऱ्यावरचं एक घर अगदी आपल्या घरासारखं निघालं, तसंच समुद्राला लागून. माझा हात आपोआप वीतभर खाली गेला. बाई म्हणाल्या, "पेंटर, समुद्र तुमची भीड धरणार आहे का?" पुसून वर ओढली. माझ्या छातीशी आली. तुझी खाट तर गुडघ्याएवढीच.

धाकट्याला सांगून खाट माडीवर घे. जिना चढवेल ना? देव राखेलच, तरी तू खाली निजतेस तोवर माझा डोळा लागत नाही.

तुझा थोरला