लाल पट्ट्याची पाच झाडं

माय, तलावाच्या उत्तरेकडच्या पाचही मोहांना लाल रंगाचा पट्टा मारून झाला. त्यातली दोन तुझी. ती तुझी आहेत हे गावात आता मी आणि तुझा दीर, काकाजी, सोडून कुणाच्या ध्यानात नसेल. बाकीचे पाचही काकाजीचीच समजतात, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही. तू जाऊन तीस वर्षं झाली, आणि त्याआधीची पाच-सहा वर्षं तू त्या झाडांखाली पाऊलही ठेवलं नव्हतंस. पट्टा माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर आहे. मी जवळ जाऊन बोट लावून पाहिलं, वाळला होता. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मुलीच्या लग्नातही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

झाडांना पट्टा कशाला, असं तू विचारशील. त्यासाठी आधी विमानाचं सांगायला पाहिजे. एक विमान असतं, होडीसारख्या पोटाचं. ते पाण्यावर टेकतं, पण थांबत नाही. पळता पळताच दहा-बारा सेकंदांत पोटात पाणी भरून घेतं, तसंच वर उठतं आणि जिथे जंगल पेटलेलं असेल तिथे नेऊन ओततं. पुन्हा येतं, पुन्हा नेतं. दूरच्या देशांत अशी विमानं आहेत. आपल्याकडे आणली तर कोणकोणत्या तलावांतून पाणी उचलता येईल, याची नुसती पाहणी करायला थंडीच्या दिवसांत दोन माणसं गावात आली होती, एक तरुण इंजिनिअर बाई आणि तिचा सोबती. मी आता मच्छीमारांच्या संस्थेचा सचिव आहे. तलाव कुठे खोल, कुठे उथळ, खुंट कुठे आहेत, हे मला पाठ, म्हणून त्यांची गाठ माझ्याशी पडली. पारावर बसून तिने मोबाईलवर ते विमान सगळ्यांना दाखवलं. लोकांना जंगलाचं काही नव्हतं, माशांचं होतं.

"मासे बी ओढून घेते का वो हे, बाई?"

"नाही दादा, तोंडाशी जाळी असते."

"जाळी असन तरी एखादा मरळ घुसतेच. मंग वरतून पडन तो आगीत." आमच्यातला एक म्हातारा म्हणाला. "बरंच हाय. आपन फक्त मीठ घेऊन जायचं."

पार हसला, ती बाईही हसली. मला हसू आलं नाही. मी तिच्या हातातल्या त्या छोट्या काचेत पाहत होतो. पांढऱ्या चादरीसारखं पाणी खाली येतं आणि धूर जागच्या जागी बसतो. मला आपला तो आगीचा चैत दिसत होता.

त्या चैतात मी बारा वर्षांचा आहे. बाबा जाऊन दोन वर्षं झालेली. मोहाचा हंगाम आहे आणि तू पहाटेची टोपली घेऊन निघतेस, मी मागोमाग. बाकीचे लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळी फुलं चटकन दिसतात आणि वेचायला सोपी जातात. तू मात्र कधीच पेटवला नाहीस. तू खराट्याने झाडायचीस, दोन झाडांखालचं अंगण झाडावं तसं, आणि मी कुरकुरलो की म्हणायचीस, "झाडाच्या पायाले चटका देऊन त्याचंच फूल खायाचं का रे बाबू?" हे गावाला माहीत होतं. तुझ्या खराट्यावरून बायका तुला हसायच्या. म्हणून मला अजूनही कळत नाही, की तूच आग लावलीस हे सगळ्यांनी इतक्या पटकन कसं मानलं.

आग काकाजीच्या झाडाखालून निघाली. वारा सुटला, आग बांधावरून जंगलात शिरली आणि दोन दिवस बांबू फटाफट फुटत राहिला. माणसं हिरव्या फांद्या घेऊन आगीला झोडपत होती. एका घरचा तणसाचा ढीग गेला, गोठ्यात बांधलेलं वासरू गेलं. तिसऱ्या दिवशी जंगलाचा नाकेदार येणार असं कळलं, तेव्हा काकाजी आपल्या चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. मी कोपऱ्यात पाटी घेऊन बसलो होतो. मला त्यानं पाहिलं, पण मोजलं नाही.

"वयनी, माह्यावर केस झाली तर जेल होईन. मंग दोन घरं उपाशी. तुमच्यावर झाली तर बाईमानूस म्हनून सोडून देतीन. मी बोललो हाय त्याच्याशी."

तू भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, "बरं." एवढंच. दुपारी त्याच्याच अंगणात नाकेदाराने कागद वाचून दाखवला, तू अंगठा उठवलास आणि पदराला शाई पुसलीस. ते तुला घेऊन गेले आणि तीन दिवसांनी सोडलं. काकाजीने दोन घरं उपाशी राहू दिली नाहीत, हे खरं आहे. दर महिन्याला तांदूळ येत होता. पण त्या वर्षीपासून तुझी दोन्ही झाडं त्याने वेचली. आगलावीने मोहाखाली जायचं नाही असं गावाने ठरवलं होतं, आणि तो गावाच्या शब्दाबाहेर जाणारा माणूस नव्हता!

तुला वाटत असेल, मी लहान होतो, विसरलो असेन. मला विस्तव आठवतो. सकाळी कुणाची चूल पेटली नसली की शेजारून गोवरीवर विस्तव मागून आणायची पद्धत होती. तू मला पाठवलंस. शेजारच्या बाईने माझ्या हातातली गोवरी पाहिली आणि म्हणाली, "तुह्या मायले इस्तव कायले लागते? तिच्यापाशी तर लय हाय." आतल्या बायका हसल्या. मी रिकाम्या गोवरीने परत आलो आणि तुला म्हणालो, मी आत्ता पारावर जाऊन सांगतो कुणी लावली ते. तू माझ्या थोबाडीत मारलीस. तू मला मारल्याचं दुसरं काही आठवत नाही. "चूप. आपलं तोंड त्याच्या घरचं खाते." त्यानंतर मी चूप राहिलो. तू गेलीस तेव्हाही, तुझ्या तिरडीला काकाजीने खांदा दिला तेव्हाही. गेल्या उन्हाळ्यात जंगल पेटलं तेव्हा आग विझवायला मी सगळ्यांच्या पुढे होतो, आणि माझ्या निम्म्या वयाचा एक जण मागून म्हणाला, "काका, तुम्ही राहू द्या ना. तुमच्या घरचीच कला हाय हे." त्याने तुला पाहिलेलंही नाही. पण नाव त्याच्यापर्यंत पोचलं आहे, आणि माझ्यानंतर माझ्या नातवंडांपर्यंत पोचेल. मला जन्मभर एकच हवं होतं, की त्या पारावर चार माणसांत कुणीतरी म्हणावं, ही आग त्या बाईने लावली नव्हती. मी रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवरच्या महादेवाला दिवा लावतो आणि दुसरं काही मागत नाही.

तर ती इंजिनिअर बाई. आपला तलाव तुला ठाऊकच आहे, कोपरात वाकवलेल्या हातासारखा. एक हात मावळतीला गायरानाकडे जातो, दुसरा उत्तरेला काकाजीच्या वावराकडे. तिने मला समजावून सांगितलं की विमान वाऱ्याला तोंड करून पाण्यावर उतरतं आणि तसंच सरळ वर जातं, म्हणून ज्या टोकाला ते वर उठतं तिथे उंच झाडं चालत नाहीत. मग तिने कागद काढला.

"दादा, एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा इथे कुठून येतो? इथली नोंद कुठेच नाही. यंत्र नंतर बसवू, सध्या तुम्ही सांगाल तेच लिहिते."

वारा मावळतीकडून येतो, माय. गायरानावरून धूळ घेऊन येतो आणि आपल्या होड्या उगवतीच्या काठाला नेऊन लावतो. हे कुणीही सांगेल. गायरानावर एक झाड नाही, विमान तिकडून सुखाने उठलं असतं. मी उत्तरेकडे हात केला. म्हणालो, "तिकडून." मासे तोलताना मी आजवर काटा हलवला नाही, आणि या बाईपुढे मी देवाच्या वाऱ्याची दिशा बदलली. तिने लिहून घेतलं, आभार मानले, आणि पुढच्या खेपेला तिचा सोबती तोडायच्या झाडांवर खूण करायला रंगाचा डबा घेऊन आला. झाडं लगेच पडणार नाहीत, परवानगी लागेल, वेळ लागेल. कदाचित विमानच येणार नाही. आलं, तर चुकीच्या वाऱ्यावर एखाद्या अनोळखी माणसाचा जीव जाईल, हेही माझ्या मनात आलं. यंत्र बसवणार आहेत, तेव्हा खरं कळेल, असं म्हणून मी ते बाजूला सारलं. पण तोवर काकाजीने रोज उठून तो लाल पट्टा पाहावा. तो तीन दिवस पाहत होता, आणि चौथ्या दिवशी दुपारी काठी टेकत माझ्या दारात आला. आता त्याची पाठ कमरेतून मोडली आहे.

"तू सांगतलं म्हने त्या पोरीले, का वारा माह्या वावराकडून येते."

"हो."

"मावळतीकडून येते गा वारा. शेंबडं पोट्टं सांगन."

"मंग तुम्ही सांगा तिले."

"माहं कोन आयकते आता?"

"माह्या मायचं कोनी आयकलं होतं का, काकाजी?"

तो पायरीवर बसला. मी त्याला पाणी दिलं, तेवढं तुझं शिकवलेलं अजून शिल्लक आहे. तो प्यायला नाही. गडवा हातात धरून म्हणाला, "पाला मीच पेटवला होता. झाडायाचा कंटाळा केला. वारं सुटन हे मले का माहीत?" इतक्या वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मग तोच पुढे म्हणाला, "तिले सारं माहीत होतं. ते काई बोलली नाई. तू काऊन उकरून राह्यला?"

"ते बोलली नाई, कारन तिच्या चुलीवर तुमचा तांदूळ होता. माह्या चुलीवर माह्या घरचा हाय."

माझ्या तोंडून हे इतकं ठासून आलं, की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायकोला मी इतकंच सांगितलं आहे. काकाजी आला, कबूल झाला, मी त्याला सुनावलं, तो गेला. ती म्हणाली, चांगलं केलं, त्याच्या तोंडावर बोललात. पुढचं बोलणं हळू झालं, ते तिने ऐकलं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

पुढचं असं झालं. काकाजी काठीवर जोर देऊन उठला. उठायला त्याला बराच वेळ लागला आणि मी हात दिला नाही. मग म्हणाला, "चाल. आत्ताच चाल पारावर. साऱ्याइच्या समोर सांगतो, आग मी लावली होती, वयनीनं नाई. पन तू त्या पोरीले फोन लाव. माही झाडं राहू दे. त्याच्या फुलावर मी चालतो आता." माझ्या दारातून पार दिसतो. सहा-सात माणसं बसली होती, त्यांत गेल्या उन्हाळ्यात मला टोमणा मारणाराही होता. काकाजी खरंच निघाला होता, दोन पावलं टाकलीही होती. मला फक्त चप्पल घालायची होती.

मी म्हणालो, "राहू द्या, काकाजी. आता कोनाले आठवते ते?"

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं, माय. त्याच्याइतकं ते कुणाला कळणार? तो घराकडे गेला आणि मी दार लोटून घेतलं. तुझं नाव त्या दुपारी साफ होत होतं, त्यासाठी मी रोज दिवा लावत आलो होतो, आणि ते दाराशी आलं तेव्हा मला ते नको होतं. मला त्याची झाडं पडलेली पाहायची होती, त्यात तुझी दोन असली तरी.

पितरांच्या पंधरवड्यात हे पत्र वैनगंगेत सोडायचं म्हणून मी लिहायला घेतलं होतं. आता सोडणार नाही. तुला कळलं तर तू मला उठवून त्याच्या घरी पाठवशील, आणि मला अजून जायचं नाही.