आजोबांचे मिटलेले डोळे

ती. आईस,

इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर मिळतं, वर्कशॉपही चालू आहे. बातम्यांत दाखवतात ती लढाई आमच्यापासून लांब आहे. स्फोटाचा उजेड चमकला की आम्ही मनात आकडे मोजतो; आवाज यायला जितका उशीर, तितका तो लांब. गेल्या महिन्यात माझे वीस आकडे आरामात मोजून व्हायचे.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना म्हणावं, सारखे टीव्हीसमोर बसू नका.

काल नव्या ओळखपत्रासाठी फोटो काढला. फ्लॅश पडला की माझे डोळे घट्ट मिटायचे. तिसऱ्या खेपेला फोटोवाला वैतागला, "अहो, डोळे उघडे ठेवा की! आणि ओठ कशाला हलवताय?"

तेव्हा एकदम आपल्या भिंतीवरचा आजोबांचा लढाईतला फोटो आठवला. तंबूत सगळी तुकडी ताठ उभी, आणि एकट्या आजोबांचे डोळे मिटलेले, ओठ अर्धवट उघडे. "हे लढायला गेले आणि उभ्या उभ्या घोरले," असं आजी म्हणायची आणि आपण सगळे पोट धरून हसायचो. आजोबाही हसायचे.

आई, ते घोरत नव्हते गं. मोजत होते.

मी अजून बारापर्यंत तरी पोचतो. तेव्हा काळजी नसावी.

तुझा,
बारक्या