पाणंदीवरचा कॅमेरा

२० नोव्हेंबर
कुळीथ पुन्हा खाल्ला. नुसते शेंडे, कात्रीने खुडल्यासारखे. डुक्कर असता तर वाफा उलथून गेला असता. भेकर आहे. पाणंदीत बारीक टोकदार खुरं उमटलीत, लेंड्या ताज्या. सौ. म्हणते, "खाईना, जनावर ता." कुळथाची पिठी मात्र हिला रोज हवी.

संध्याकाळी दाजी आला. चुलतभाऊ, शेजारचंच घर, पण तो येण्याआधी त्याचा आवाज येतो. "भाऊ, रानात लावतत तो कॅमेरो घे. भेकार कधी येता ता तू सांग, फुडला मी बघतंय." त्याच्याकडे ठासणीची बंदूक आहे, शेती राखायच्या परवान्याची. म्हटलं, भेकर मारलंस तर आत जाशील. तर म्हणतो, "आत गेलंय तर डबो तूच आणतलंस. वैनीच्या हातची पिठी घाल पण त्यात."

मी बघणार. मारणं-बिरणं माझ्या डोक्यात नाही. दाजीच्या असेल.

२३ नोव्हेंबर
दोन दिवस ओटीवर मोबाईल घेऊन वाचतोय. मालवणच्या दुकानात तो पोरगा मला मेगापिक्सेल ऐकवत होता. मेगापिक्सेल म्हणजे दुकानाची रोषणाई. रानात बघायचं ते वेगळंच:

जाग. जनावर समोर आल्यावर फोटो निघेपर्यंत किती वेळ जातो. मठ्ठ कॅ. असला की शेपूट तेवढं मिळतं.
उजेड. स्वस्तातल्यांचे दिवे अंधारात लाल ठिपक्यांसारखे दिसतात, भेकर बुजतं. काळ्या दिव्यांचा हवा.

मोटारीचं वाइंडिंग, इन्व्हर्टर, देवळाचा कर्णा, काहीच मला कोणी शिकवलं नाही. उघडायचं, बघायचं, कळतं. हेही कळलं. काळ्या दिव्यांचा, झटकन जाग येणारा मागवला.

२ डिसेंबर
आला. पाणंदीच्या मध्यावर किंजळीच्या झाडाला बांधला. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे उंच गडगे, त्यामुळे वाडीतून शिवेकडे जाणारं-येणारं कोणीही याच्या समोरूनच जाणार. आडवा नाही लावला, तिरका लावला, म्हणजे जनावर समोर जास्त वेळ राहतं. तोंड उत्तरेला, उन्हाचा डोळा लागू नये. समोरचं गवत कापलं. उंची भेकराच्या छातीची.

दाजी बाजूला उभा राहून, "नवरीक नटवतासारखो नटवलंस रे." मग कॅ.समोर जाऊन जीभ काढली. पहिला फोटो तोच. स्वच्छ. जिभेवरचं पानसुद्धा दिसतं.

७ डिसेंबर
मादी आणि मागे पाडस. मग साळिंदर, उदमांजर. एकही चुकलं नाही, सशाचा कानसुद्धा आलाय. दाजीला दाखवलं. एकेक फोटो त्याने बोटाने मोठा करून बघितला. मग म्हणाला, "भाऊ, तुझ्यासारखो जाणकार तालुक्यात नाय." मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

११ डिसेंबर
देवाने कौल दिला. गावपळण. तीन दिवस, तीन रात्री गाव मोकळा करून शिवेबाहेर. गुरं, कुत्रे, मांजरं, खुराड्यातली कोंबडीसुद्धा मागे राहता नये. आपण नसताना गाव त्यांचा. 'त्यांचा' म्हणजे कोणाचा, हे आमच्यात कोणी उच्चारत नाही.

सौ. बांधाबांध करतेय. मी झोपडीसाठी माडाची चुडतं तासली.

१४ डिसेंबर
दुपारी निघालो. गुरं पुढे, बायका मागे, दाजी डोक्यावर कोंबड्यांची पाटी घेऊन आणि म्हातारीशी भांडत. म्हातारी म्हणजे त्याची आई, माझी काकी. "म्हातारे, बिगी चल, नायतर तुका हयसरच ठेवतंय." ती: "ठेव मेल्या, तुझ्यापरास भूत बरां."

किंजळीपाशी थांबलो. पट्टा सोडायला हात घातला होता. मग वाटलं, यंत्राला कोण मोजतं? जीव असलेलं बाहेर काढायचं, हा नियम. सेल भरलेले आहेत, कार्ड रिकामं. आणि मोकळ्या गावात काय येतं-जातं ते आजवर कोणाला माहीत आहे?

राहू दिला. सौ.ला बोललो नाही.

१६ डिसेंबर, शिवेबाहेर
दिवसभर पत्ते, फुगड्या, भजन. पोरांना जत्राच. पलीकडे गावात एकही आवाज नाही. कोंबडा नाही, पंप नाही. आपल्याच घराची कौलं झाडांतून दिसतात आणि ती परक्याची वाटतात.

सकाळी काकीच्या झोपडीत चहाला गेलो. दाजी बसला होता, बशीत चहा ओतून. काकीने विचारलं, "राती उठललंस काय रे? हातरूण रिकामा दिसला." तो म्हणाला, "नाय आये. झोपललंय." चहा गार होईपर्यंत बशी हातातच.

१७ डिसेंबर
परतीचा कौल झाला. आलो. घरात काही हललेलं नाही. निघताना काढलेली दारातली रांगोळी तशीच होती. 'त्यांनी' बघितलेली नको म्हणून सौ.ने ती लगेच पुसली.

१८ डिसेंबर
कार्ड बघितलं.

पहिल्या रात्री भेकरं, डुकरांचा कळप. जनावरं रमतगमत चाललीत, रस्त्यावर आमची पोरं चालतात तशी.

दुसऱ्या रात्री दाजी. शिवेकडून गावात जाताना. खांद्यावर बंदूक, काखेत पोतं. मोकळ्या गावात भेकर आयतं मिळेल, असा हिशेब केला असणार. कॅ. कुठे आहे हे माहीत, म्हणून समोर थांबून जीभ काढलीन. पुढच्या फोटोत पाठ.

त्यानंतर पहाटे भेकराची मादी, गावातून बाहेर येणारी. हळू. मग काही नाही. तिसरी रात्र पूर्ण रिकामी, उंदीरसुद्धा नाही. मग काल परत आलेली गुरं, सौ., मी, काकी. आणि दाजी, कोंबड्यांची पाटी घेऊन.

पुन्हा पहिल्यापासून बघितलं. निघतानाचा दाजी बाहेर, दुसऱ्या रात्रीचा दाजी आत, कालचा दाजी आत.

रात्री आत गेलेला परत बाहेर येतानाचा फोटो नाही. आणि सकाळी तो झोपडीत चहा पीत होता.

१९ डिसेंबर
दाजीला एकट्याला गाठून विचारलं. सरळच, "त्या रात्री गावात गेललंस?" "नाय, भाऊ." फोटो दाखवला. बराच वेळ बघितलान. जीभ काढलेल्या त्या तोंडाकडे, आपण दुसऱ्याच्या लग्नातले फोटो बघतो तसं. मग म्हणाला, "मीच ता." "मग बाहेर कसो इलंस?" "चालत."

बंदूक कुठे, तर "आसतली खंय तरी." खुंटीवर नाही. परवान्याची बंदूक हरवली तर चौकीत उत्तर द्यावं लागतं. दाजीला घाम फुटायला हवा होता. तो शेंगा सोलत बसला.

२१ डिसेंबर
कॅ. चुकला, हे सगळ्यात सोपं. म्हणून तपासला. गावातून शिवेकडे चाललो, धावलो, गडग्याला घासून गेलो, रांगत गेलो. अंगावर ओलं पोतं घेऊनही गेलो, कारण हा अंगाची ऊब ओळखतो. सौ.ला कळशी घेऊन पाठवली. ती वाटेतून ओरडली, "लोक बघतत! घोवाक खूळ लागला म्हणतीत!"

सगळे फोटो आले. ओल्या पोत्याचासुद्धा.

आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की माझी वस्तू बिघडलेली निघावी.

२४ डिसेंबर
दुसरी वाट व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून. जाऊन बघितली. काठाला केगदीचं काटेरी बन, कोयत्याशिवाय माणूस शिरणार नाही. तोडलेलं कुठे दिसलं नाही. पलीकडे पाणी मांडीपर्यंत. सकाळी चहा पिताना त्याचा लेंगा कोरडा होता. पण पोत्यात दुसरा लेंगा असू शकतो, कोयताही असू शकतो. पोतं कुठे आहे?

काजीच्या बागा, पडकी विहीर, देवराईची कड, जिथवर जायला चालतं तिथवर फिरलो. हाक मारावीशी वाटली. कोणाला मारायची? दाजी घरी जेवत होता.

२९ डिसेंबर
दाजीच्या मागील दारी भेकर. भर दुपारी. दाजी लाकडं फोडत होता आणि मादी त्याच्यापासून हातभर अंतरावर पाला खात होती, पाडस तिच्या पोटाशी. कुऱ्हाड पडत होती तरी कान हलला नाही. माणसाचा वास वाऱ्यावर आला तरी भेकर भुंकत सुटतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी खिडकीत नुसता हात हलवला आणि दोन्ही पसार.

दाजीने वर बघितलं. "भाऊ, तुका घाबारली ती."

३ जानेवारी
दाजी पंचायतीत गेलेला बघून काकी आली. सौ. नळावर होती. काकी ओटीवर बसली नाही, खांबाला धरून उभी राहिली.

"तो माका आये म्हणता."

म्हटलं, मग काय म्हणायला हवं?

"जल्मात म्हणाक नाय रे. म्हातारे म्हणा, खुळे म्हणा, बापाशीसमोर शिवी पण दिल्यान. आता वाढलंला सगळा जेवता. मीठ नसला तरी जेवता. उठान भांडा धुता." मग हळू आवाजात, "तुझ्या कॅमेऱ्यात काय दिसला ता माका तुझ्या बायलेन सांगल्यान. खरां सांग. चुकता काय रे तो?"

काय सांगू? काळ्या दिव्यांचा, झटकन जाग येणारा, माझ्या हाताने बांधलेला.

"चुकता, काकी. यंत्रच ता."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुझी वस्तू चुकता असां तुझ्या तोंडातसून कधी आयकूक नाय."

मी म्हटलं, उद्या काढून टाकतो, मग तुझ्या डोक्यात काही राहणार नाही.

"काडू नको!" एवढ्या जोरात ओरडली की नळावरून सौ. धावत आली. "रवांदे थंयच. माझो झील भायर येयत तर कळाक होयां. कोणीतरी बघूक होयां."

५ जानेवारी
सेल बदलायला गेलो. कॅ. फिरवलाही. आतापर्यंत शिवेकडून येणाऱ्याचं तोंड आधी दिसायचं, आता गावाकडून येणाऱ्याचं दिसेल. मानकऱ्यांना सांगावं का, याचा विचार वाटेभर केला. सांगितलं तर घरात असलेल्याचं काय करतील? नाही सांगितलं तर दुसऱ्याला शोधणार कोण?

पट्टा ओढत होतो तेव्हा दाजी मागे उभा. पाचोळ्यावर पाय वाजला नव्हता. काही न विचारता त्याने कॅ. धरला, मला गाठ मारता यावी म्हणून. पूर्वी असा कधी उपयोगी पडला नव्हता.

म्हणाला, "भाऊ, थोडो खाली बांध."

म्हटलं, बरोबर आहे उंची, भेकराच्या छातीची.

"भेकार नाय." तो पाणंदीत गावाकडे बघत होता. "वाकान येतलो तो. दमललो आसतलो."

मी गाठ सोडली आणि वीतभर खाली बांधला.