सहावा होल परत आणण्याबाबत

साक्कोट्टै रस्ता, कुंभकोणम्
गुरुवार, ता. १० ऑक्टोबर १९३५

चिरंजीव राधाकृष्ण यास थोरल्या अक्काचा आशीर्वाद.

मंगळवार, ता. ८ ऑक्टोबर रोजी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी शेषाद्रीच्या माळ्यांनी माझ्या परसाच्या भिंतीपलीकडचा सहाव्या होलचा लाल झेंडा उपटला आणि तुझ्या सहीच्या नकाशाप्रमाणे तो तळ्याच्या पार पलीकडे नेऊन रोवला. वेळ मी घड्याळात पाहिली आहे. तुझी प्रकृती कशी आहे? मद्रासची हवा तुला मानवते, असे तू गेल्या पत्रात लिहिले होतेस (ते पत्र चैत्रात आले). सौ. सरस्वतीचा गुडघा आणि मुलांचे अभ्यास ठीक असतील असे मी धरून चालते, कारण तसे धरण्यावाचून तू माझी दुसरी सोय ठेवलेली नाहीस. मी उत्तम आहे. दात सगळे शाबूत आहेत आणि या पत्रात त्यांचा उपयोग होणार आहे.

कंपनी सरकारने तंजावरचे राज्य खालसा केले तेव्हा निदान एक साहेब घोड्यावर बसून तसे सांगायला आला होता, असे आपली आजी सांगत असे. तू घोडाही पाठवला नाहीस. मद्रासेत टेबलाशी बसून एका कागदावर चार रेघा ओढल्यास, कागद शेषाद्रीला टपालाने धाडलास, आणि इथे एक होल इकडचा तिकडे गेला. शेषाद्री तुझा कॉलेजातला मित्र. त्याच्या वडिलांनी त्याला डॉक्टर होण्यासाठी विलायतेला पाठवले आणि तो तिथून गोल्फ शिकून आला, यात माझा काही दोष नाही. आल्यावर त्याने घरच्या नारळबागेत आणि नदीकाठच्या पडीक जमिनीत खाजगी मैदान करायचे ठरवले आणि त्याचा नकाशा काढायला तुला बोलावले, याबद्दलही मी कधी बोलले नाही. तेव्हा तू सहा आठवडे माझ्याकडे राहिला होतास. जेवणाच्या खोलीत जमिनीवर नकाशे पसरलेले असत आणि स्वयंपाकाच्या सुब्बलक्ष्मीला ताट घेऊन तुझ्या तिसऱ्या आणि चौथ्या होलवरून पाय उचलत जावे लागे. (ती अजून त्या खोलीत सवयीने वळसा घालून चालते.)

तुझ्या कामाची स्तुती मी आजवर केली नाही, कारण शाळेत इतकी वर्षे काढल्यावर मला ठाऊक आहे की स्तुतीने मुले बिघडतात. आता मात्र करते, म्हणजे तू काय मोडलेस ते तुला कळेल. आपला मुलूख ताटासारखा सपाट. तू तळे खणलेस आणि त्या मातीचा डोंगर केलास. एका म्हशीवर दुसरी म्हैस उभी केली तर जेवढी उंची होईल तेवढा तो होता. पहिल्याच पावसाळ्यात तो विरघळून दुसऱ्या होलमध्ये वाहून गेला हे खरे, पण उतार राहिला, आणि त्या उतारावरून पाहिले की डावीकडे अरसलार नदी, तिच्यावर वाकलेले बांबू, आणि समोर झाडांच्या डोक्यांवरून देवळाची गोपुरे दिसतात. तिसऱ्या होलवर चेंडू नदीच्या इतका जवळून जातो की धुणे धुणाऱ्या बायका मान न उचलता बाजूला सरकतात. चौथ्याची दिशा तू नेमकी गोपुरावर धरलीस. त्यामुळे शेषाद्री फटका मारण्याआधी हात जोडतो. पाचव्यात जुन्या भातखाचरांतली खेकड्यांची बिळे आहेत. बिळात गेलेला चेंडू होलमध्ये गेला असे धरायचे की नाही यावर पहिले सहा महिने भांडण झाले, आणि शेवटी खेकड्याने पाडलेले भोक हे भोक नव्हे, असा निकाल लागला. बगळे गवतावर स्वस्थ उभे असतात, आणि अधू नजरेची माणसे चेंडू समजून त्यांच्यापर्यंत चालत जातात. घारीने चेंडू उचलला तर दंड नाही. ती घार पांढऱ्या गळ्याची, म्हणजे गरुड, असेल तर सगळे खेळाडू गालांना हात लावून नमस्कार करतात, आणि चेंडू देवाने ठेवून घेतला असे समजून दुसरा काढतात. असले मैदान स्कॉटलंडात नसेल, असे शेषाद्री म्हणतो. मला ते पटते.

आणि या सगळ्याला सहाव्या होलमुळे अर्थ होता. पाचांपर्यंत माणूस ऊन, चिखल आणि खेकडे सोसत येतो. मग बांबूंच्या सावलीतून एकदम मोकळे हिरवे गवत, डावीकडे तळ्यातली कमळे, टोकाला दोन वाकड्या नारळांमध्ये झेंडा, आणि उजव्या हाताला, पूर्ण लांबीभर, माझी भिंत. त्या भिंतीवाचून सहावा होल म्हणजे नुसते गवत. भिंतीमुळे खेळाडूच्या मनात भीती उत्पन्न होई, आणि भीतीवाचून खेळात रस नसतो, हे तूच मला तेव्हा समजावून सांगितले होतेस.

आता मुनसफ रामलिंग यांच्याविषयी. ते निवृत्त आहेत, विधुर आहेत, आणि त्यांचा चेंडू उजवीकडे वळतो. आठवड्यातून तीन वेळा तो माझ्या भिंतीवरून येई: कधी वाळत घातलेल्या पापडांवर, कधी तुळशीत, आणि एकदा सुब्बलक्ष्मीच्या ताकाच्या कळशीत, तिने ती नुकतीच घुसळून बाजूला ठेवली असताना. मागून ते स्वतः परसाच्या दारावर काठीने दोनदा टकटक करत. ते सगळे बोलणे मी लिहीत नाही, एक नमुना देते. ते म्हणत, "टीचरम्मा, माझा एक पक्षकार आपल्या आश्रयाला आला आहे." मी म्हणे, "आश्रय नव्हे, अतिक्रमण. निकाल कॉफीनंतर." त्यावर ते, "आणि अपील?" मी, "अपील सुब्बलक्ष्मीकडे. ताक तिचे होते." सुब्बलक्ष्मी स्वयंपाकघरातून म्हणे, की मुनसफांना तुरुंगात घाला, पण आधी पाय धुवायला सांगा.

कॉफीचे असे झाले. उन्हातून दारात आलेल्या माणसाला कोरडा परत पाठवण्याची आपल्या घरात रीत नाही, आणि चोर सोडून बाकी सगळ्यांना ती लागू आहे. त्यामुळे मागचे खेळाडू बांबूंखाली ताटकळत आणि कुरकुरत. शेषाद्रीने मग मैदानाच्या नियमांत एक कलम घातले: अक्कांच्या अंगणात गेलेला चेंडू दंडावाचून उचलता येईल, मात्र खेळाडूने बसून कॉफी संपवली पाहिजे, तोवर मागच्यांनी पुढे निघून जावे. हे कलम छापलेले आहे. तू मद्रासला राहतोस, तेव्हा तुला आठवण करून देते की या गावात निवृत्त मुनसफ एका विधवा शिक्षिकेकडे कारणावाचून आला, तर समोरची धनलक्ष्मी ती बातमी संध्याकाळच्या आत तिरुनागेश्वरम्‌पर्यंत पोचवते. चेंडूसाठी आला तर तिला सांगण्यासारखे काही उरत नाही. ती एकदा नुसते म्हणाली, की मुनसफांनी चष्मा बदलावा.

मी स्वतः एकदा खेळले, हे तुला माहीत नाही. (तू विचारले नाहीस.) गेल्या माघात शेषाद्री म्हणाला, अक्का, नियमांना इतकी नावे ठेवता, एकदा काठी धरून पाहा. मी नऊवारीचा काचा घट्ट केला आणि गेले. कॉन्व्हेंटात मदर सुपीरियरने आम्हाला क्रोके शिकवला होता, त्यामुळे काठी कोणत्या बाजूने धरायची एवढे कळत होते. पहिल्या फटक्याने माती उडाली, दुसऱ्याने खेकडा उडाला, तिसऱ्याने चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. तिथे मी बराच वेळ होते. खड्ड्यात उभे राहिले की नुसते आभाळ आणि नारळांचे शेंडे दिसतात आणि कोणी आपल्याकडे बघत नसते. तुला सांगते, जागा वाईट नाही. पुढे सहाव्या होलवर माझा फटका पहिल्यांदाच चांगला बसला, उंच गेला, आणि माझ्याच भिंतीवरून माझ्याच अंगणात पडला. मी म्हटले, जाऊ द्या. मुनसफ म्हणाले, "कलम सगळ्यांना सारखे." तेव्हा मी माझ्या परसाच्या दारावर काठीने टकटक केली. सुब्बलक्ष्मी आतून म्हणाली, "कोण?" मुनसफांनी सांगितले, पाहुणे आहेत. तिने दार उघडले, मला पाहिले, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "या, बसा, ऊन फार आहे." मी माझ्याच ओसरीवर, ज्या बाजूला पाहुणे बसतात त्या बाजूला, बसून कॉफी घेतली. तिथून घर निराळे दिसते. तू गेल्यापासून त्या घरात मला कोणी बसा म्हटले नव्हते.

तर परवा झेंडा गेल्यावर दुपारी शेषाद्री ताम्हनात नारळ, विड्याची पाने आणि केळी घेऊन आला, जणू लग्न ठरले होते. म्हणाला, "अक्का, चार वर्षे आपण त्रास सोसला. राधाकृष्णाला लिहून नवा नकाशा मागवला. आता आपल्या अंगणात एक चेंडू येणार नाही." आणि मी प्रसन्न होण्याची वाट बघत उभा राहिला. मी म्हटले, "तुला कोणी सांगितले?" तो म्हणाला, "आपणच. दर वेळी." हे खरे आहे. पापडांवरून मी त्याला बोलले आहे, तुळशीवरून बोलले आहे, ताकाबद्दल तर इंग्रजीत बोलले आहे. पण मी तक्रार केली होती. तिची अंमलबजावणी मागितली नव्हती. आपल्या घरात ज्याच्याशी बरे चालले आहे त्यालाच बोलतात, हे तुला ठाऊक आहे. ज्याच्याशी बिनसले त्याला आपण या, बसा, बरे आहात ना, एवढेच म्हणतो. शेषाद्रीला विलायतेत हे कोणी शिकवले नसेल. पण तू माझ्या हाताखाली वाढलास, आणि तू सही केलीस. मी शेषाद्रीला म्हटले, या, बसा, बरे आहात ना. तो आनंदाने घरी गेला.

नवा सहावा होल कसा आहे ते सांगते, कारण तू तो पाहिलेला नाहीस. तळ्याच्या पलीकडच्या काठाने तो सरळ जातो. डावीकडे काही नाही, उजवीकडे भिंत नाही, मनात काही उत्पन्न होत नाही. खेळाडू बांबूंपाशी वळतात आणि थेट पलीकडे जातात, त्यामुळे त्यांचे बोलणे ऐकू येत नाही, फक्त काठीचा आवाज येतो, तोही वारा इकडचा असेल तर. काल सुब्बलक्ष्मीने सवयीने दोघांची कॉफी केली. मी तिला बोलले. मग एक मी प्यायले, आणि दुसरी तिला म्हटले तू घे, तर ती म्हणाली, मला या वेळेला चालत नाही. पापड मात्र छान वाळताहेत.

म्हणून, मैदानाच्या सौंदर्याला बाधा आली आहे, खेळातली भीती नाहीशी झाली आहे, आणि छापलेले एक कलम निरुपयोगी झाले आहे, या तीन कारणांसाठी सहावा होल पूर्ववत करावा, अशी माझी मागणी आहे. यात माझा वैयक्तिक काही संबंध नाही. सौ. सरस्वतीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी अक्का,
मीनाक्षीबाई

ता. क. मुनसफांचा चेंडू उजवीकडे वळतो, असे मी वर लिहिले आहे. काल संध्याकाळी पापड काढायला गच्चीवर गेले होते, तिथून नवा सहावा दिसतो. त्यांनी फटका मारला आणि चेंडू दोरी धरल्यासारखा सरळ झेंड्यापाशी गेला. मग मी सातवा पाहिला. मग आठवा. सगळे सरळ. शेषाद्रीने टाळ्या वाजवल्या. मुनसफ काठी खांद्यावर टाकून माझ्या भिंतीकडे बघत राहिले आणि बगळ्यांमधून घरी गेले. तू इंजिनियर आहेस, निष्कर्ष तू काढ. मी रात्री काढला.

आणखी एक. झेंडा जुन्या जागी आणण्यात अडचण असेल तर माझा हट्ट नाही. माझी भिंत चांगल्या माणसाच्या वाईट फटक्याच्या टप्प्यात यावी, एवढेच. भिंत दोन हात उतरवावी लागली तर उतरव. शेषाद्रीला हे सौंदर्यासाठी आहे असे सांगावे. मुनसफांना काहीही सांगू नये. मीही सांगणार नाही.

शेवटचे. या वेळी नकाशा टेबलाशी बसून काढू नये, जमीन पाहून काढावा. जेवणाची खोली रिकामी आहे. उत्तर मला लेखी पाहिजे, आणि ते दिवाळीच्या आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवार, ता. २५ ऑक्टोबरला, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे. ते तू स्वतः आणून दिलेस तर मी हरकत घेणार नाही.