पायाला कुणाची बियर

२३ नोव्हेंबर

सिग्ने आली होती. नात माझी, पण नाव तिकडचं – सुनेच्या आईने, मार्लीसने ठेवलेलं. असो. बर्फातून गाडी हाकत आली, बूट दारात काढले आणि म्हणाली, "बुशा, मला तुझी काळी बियर हवीय." बुशा म्हणजे आम्हा पोलिश लोकांची आजी. मी इतकी हरखले की शेगडीवरचं आंबट कोबीचं सूप उतू गेलं.

तिचं म्हणणं असं – काळी बियर एकाच मोठ्या पातेल्यात करायची, मग काचेच्या बुधल्यांत वाटायची. एकात कॉफी, एकात सुकी चेरी, एकात व्हॅनिला, एकात मिरची. मिरची! माझी आई असती तर छातीवर क्रॉस काढला असता तिने. फेब्रुवारीत तिच्या घरी बियर करणाऱ्यांच्या क्लबात सगळ्यांना चाखायला द्यायचं. पण आधी पाया ठरवायचा, म्हणजे कुणाच्या कृतीची बियर घ्यायची ते.

"कुणाच्या म्हणजे? माझ्या."

"बेस्तमोरची पण चाखून बघणार आहे मी. नाताळात दोघींनी एकेक बाटली द्या."

बेस्तमोर म्हणजे मार्लीस. तिला ते नॉर्वेकडचं आजीपण फार शोभतं म्हणे.

२४ नोव्हेंबर

मार्लीसची बियर म्हणजे तपकिरी पाणी. कधी बिघडत नाही. तिचं काहीच बिघडत नाही.

३० नोव्हेंबर

पातेलं चढवलं. सिग्ने ग्रॅममध्ये मोजते, मी मुठीने. आठवीनंतर गाईंच्या मागे गेले ती मुठीवरच राहिले, पण गाईंनी कधी तक्रार केली नाही. नेहमी काळे भाजलेले सातू एक मूठ घालते. आज चार. वर काकवी. वर धुरावर वाळवलेलं माल्ट. मार्लीसचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि अजून अर्धी मूठ.

मुलगा हरणाच्या शिकारीहून आला, झाकण उचलून म्हणतो, "मा, छपराला फासायचंय का हे?"

२८ डिसेंबर

माझ्याच टेबलावर दोन पेले. मार्लीस आलेली, केस कालच सेट करून घेतलेले. सिग्नेने आधी तिची घेतली. "हं." मग माझी. पोरीने डोळे मिटले!

"बुशा, कसली जबरदस्त झालीय ही."

मी मार्लीसकडे पाहिलं. चांगलं निवांत पाहिलं. आणि पोरगी पुढे म्हणते, "पण पाया बेस्तमोरचा. तुझी बियर एकटीच बोलत सुटते. तिच्यात चेरी टाकली तर चेरी कुठे गेली कळायचं नाही. मला गप्प बसणारी हवी."

"आमच्याकडे सगळेच कमी बोलतात गं," मार्लीस म्हणाली.

तिला खसखशीचा केक वाढला. कडेचा, वाळलेला तुकडा.

१९ जानेवारी

चर्चमध्ये मार्लीस पाच जणींना ऐकू जाईल असं सांगत होती – "सिग्ने दोन दिवस माझ्याकडेच राहिली, बुधल्यांत चेरी घालायला." माझ्याकडे शेवटची राहिली तेव्हा तिच्या दातांना तारा होत्या. पुढचं भजन मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

२२ फेब्रुवारी

क्लब. बोलिंगच्या हॉलमागची खोली, खच्चून माणसं. प्रत्येकापुढे पाच छोटे पेले, नुसते नंबर. जो आवडेल त्याला हात वर करायचा.

मिरचीने नाकातून पाणी आलं, फार बरं वाटलं. चौथा पेला घेतला आणि थांबले. कॉफी नाही, चेरी नाही, काहीच नाही. नुसते भाजलेले सातू, आणि मागून पावाच्या कडेसारखं काहीतरी. ही तर माझी! उन्हाळ्यात केलेली, नेहमीच्या एका मुठीची! पोरीने गुपचूप ठेवली होती, बुशाला वाईट वाटू नये म्हणून. माझी गुणाची पोर. चौथ्याला मी दोन्ही हात वर केले.

२३ फेब्रुवारी

चेरी जिंकली. चौथा पेला मार्लीसचा होता – काहीही न घातलेला, ताडून बघायला ठेवलेला. त्याला एकच मत पडलं.

आज चर्चमध्ये मार्लीस माझ्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "बाकी सगळ्यांना माझ्या बियरमध्ये काहीतरी टाकून हवं होतं, लुसिल. तुला एकटीला ती होती तशी आवडली." आणि माझा हात धरला.

मी धरू दिला. मला ती माझीच वाटली होती, हे तिला सांगणार नाही. सिग्नेलाही नाही.