आधी जेवून घ्या

बाबा, आज सकाळी नागपूरला मामा वारले आणि आईला सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तुम्ही होतात तोवर हे तुमचं काम. गेल्या उन्हाळ्यात मी लेकाकडे हॉलंडला गेले होते, तेव्हा कळलं की पूर्वी तिथे या कामाला पगारी माणूस असे. एका जुन्या चर्चमधल्या बाईंनी तिथली बंद पडलेली कामं सांगितली: ऑर्गनचा भाता पायांनी दाबणारा, प्रार्थनेच्या वेळी कुत्री हाकलणारा, थंडीत बायकांच्या पायांखाली निखाऱ्यांच्या पेट्या सरकवणारी. आणि काळा झगा घालून, कोण वारलं ते घरोघर सांगत फिरणारा. त्याच्या कामाचं नाव मला उच्चारता आलं नाही, पण माणूस लगेच ओळखू आला.

तुम्हाला झगा नव्हता, कारखान्याची खाकी पँट आणि स्कूटर होती. इंद्रपुरीत, त्या हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीत, आपल्यासारखी विदर्भातून आलेली घरं, नातेवाईक सगळे दूर. कुणाच्या मृत्यूची तार आली की ती त्या घरी सांगायला लोक तुम्हालाच गाठत. भरल्या ताटावरून कुणाला उठवायचं नाही, हा तुमचा नियम. फाटकात उभं राहून म्हणायचात, "आधी जेवून घ्या, मग बोलू." तेवढ्यानेच समोरच्याच्या तोंडचं पाणी पळायचं. शेजारच्या काकू एकदा चिडून म्हणाल्या, "भाऊजी, आता घास उतरणार आहे का? सीधे बता दो ना!" तुम्ही बधला नाहीत. पुढे पुढे लोक तुम्हाला बघूनच घाबरायला लागले, आणि दिवाळीत तुम्हाला रस्त्यावरूनच ओरडावं लागे, "सब ठीक है, फराळाला आलोय!" आम्ही हसायचो. तुम्हाला ते लागत असणार, असं आता वाटतं.

आज मीही ठरवलं, आईचं जेवण होऊ दे. तिच्या माहेरचं मामांशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं. एरवी अर्ध्या पोळीवर उठणारी आई आज सावकाश सगळं जेवली, ताकभातही मागून घेतला. तिला काही कळलेलं नाही, म्हणून मी निश्चिंत. हात धुऊन आली आणि म्हणाली, "सकाळपासून फोन पालथा ठेवलायस. दादा गेला ना?"

"तुला कळलं होतं? मग जेवलीस कशी?"

"मी जेवले नसते तर तू दिवसभर दारातच उभी राहिली असतीस."

आता ती आत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. बातमी मी दिलीच नाही, बाबा. तिने विचारलं, मी नुसती मान हलवली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.