वन्सं, तुमच्या बंधूंनी गाडीचे पाय बदलले

तीर्थस्वरूप वन्सं यांच्या चरणी नमस्कार.

नमस्कार वाकून करायचा असतो हे मला शिकवायला नको, पण आज वाकता येण्यासारखी माझी परिस्थिती नाही. तेव्हा बसल्या जागेवरूनच तो पोचता करते, गोड मानून घ्या. अक्षरही जरा हललेलं दिसेल. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी असं पत्र पाहिलं असतं तर माझ्या बोटांवर पट्टी मारून ते पुन्हा लिहवून घेतलं असतं; पण त्या सिस्टरांना कधी अशा ठिकाणी बसून लिहायची वेळ आली नव्हती. असो. तुमचा गुडघा कसा आहे? खोकला गेला का? औषधाची बाटली टपालवाल्याबरोबर पाठवते आहे (बिचारा तेवढा चढ पायी चढतो, तेव्हा त्याच्याशी जरा गोड बोला, माझ्यासारखं बोलू नका). इकडे सर्व खुशाल. म्हणजे मी खुशाल आहे. तुमचे बंधू खुशालीच्या पलीकडे गेले आहेत.

याला कारण तुम्ही. राग मानू नका, पण खरं ते लिहिते. ओढ्यावरची मोरी वाहून गेल्यापासून तुम्ही वरच्या घरी एकट्या अडकलात. त्यात गेल्या महिन्यात आम्ही तुम्हाला आणायला निघालो आणि ओढ्यातल्या दगडांवर आमच्या पिकअपचं पुढचं एक चाक हवेत राहिलं, ओल्या पायाच्या मांजरीनं पंजा उचलून धरावा तसं, आणि दुसऱ्या चाकाचा दांडा वाकला. तुम्ही वरच्या वळणावर काठी टेकून उभ्या होतात. आम्हाला दिसत होतात. आणि तुमच्या डोळ्यांदेखत आम्ही गाडी मागे मागे घेत परत फिरलो. ते तुमच्या बंधूंच्या मनाला फार लागलं. (मलाही लागलं, पण म्हणून मी लोखंड कापायला घेत नाही.) त्यावर तुमचं पत्र आलं की मला खाली न्यायच्या खटाटोपात पडू नका, रस्ता गेला तो गेला, मी इथं एकटी बरी आहे. ते पत्र त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी करून खिशात घातलं, आणि जे गॅरेजमध्ये शिरले ते अजून माणसात आलेले नाहीत. भाड्याच्या गाडीचं मी सुचवून पाहिलं. पण गाडीवाल्यांसमोर ओढ्याचं नाव काढलं की त्यांना दुसरीकडची कामं आठवतात.

आता गॅरेजात एकटा माणूस काय दिवे लावणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण शेजारी दातांचे डॉक्टर राहतात, ते यंदाच निवृत्त झाले आणि निवृत्तीची भेट म्हणून त्यांनी स्वतःलाच वेल्डिंगचं मशीन दिलं. एक आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस आणि एक आयुष्यभर दाढा उपटलेला माणूस, दोघांनी मिळून गाडीखाली डोकं घातलं आणि निदान केलं की हिचा पुढचा भागच मुळात नाजूक आहे. डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं इथे तिथे टकटक केलं आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "हे सगळं काढावं लागेल." त्यांना दुसरं वाक्यच येत नाही.

काय काढलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखी झोप लागायची नाही. आत्तापर्यंत या गाडीची पुढची दोन चाकं आपापल्या दांड्यांवर सुटी सुटी राहत होती; एकानं वर जावं, दुसऱ्याला पत्ता नाही. सपाट रस्त्यावर हे ऐटीत चालतं, दगडधोंड्यांत मोडतं. आता ते सगळं कापून टाकलं आणि भंगारवाल्याकडून एका मेलेल्या मोठ्या गाडीचा सलग पुढचा अ‍ॅक्सल आणला: एकच जाड लोखंडी आडवा दांडा, आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप जमिनीत पाय रोवतं. थोडक्यात, दोन चाकांचं लग्न लावून दिलं. (एक वर चढला की दुसऱ्यानं खाली दाबून राहायचं, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.)

इथवर ठीक. पण हा अ‍ॅक्सल पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या, स्प्रिंगांवर बसतो, आणि आमच्या गाडीला पुढे पाटे बसवायला जागाच नाही. पाट्यांची टोकं धरून ठेवणारी ब्रॅकेटं लागतात, ती चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्ड करावी लागतात, आणि ती बाजारात कुठे मिळत नाहीत. मिळत नाहीत हे ऐकल्यावर तुमच्या बंधूंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. ब्रॅकेटं घरी करायची ठरली. आधी पुठ्ठ्याची, मग लोखंडाची. पुठ्ठा म्हणजे काय, तर माझे बुटांचे खोके, फ्रिजचं खोकं, आणि ते पुरे पडेना म्हणून भिंतीवरच्या फ्रेमीतून काढलेलं माझं कॉन्व्हेंटचं सद्वर्तनाचं प्रशस्तिपत्र. कागद जाड होता म्हणे. मी विचारलं, "अहो, दुसरं काही दिसलं नाही?" तर म्हणाले, "अगं, तसंही ते तुझ्याकडे बघून कुणाला खरं वाटत नव्हतं." वन्सं, या माणसाला तुम्ही लहानपणी कडेवर घेऊन फिरवलंत.

मी रागानं दोन दिवस गॅरेजकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी केवळ चहाचे कप परत आणायला गेले (कप आणायचे नसते तर गेले नसते), तर कट्ट्यावर दोन ब्रॅकेटं तयार. कापलेली, घासलेली, भोकं पाडलेली, चकचकीत. दोघं शेजारी शेजारी उभे राहून त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू जुळं झालं आहे. आणि ते जुळंच होतं, हाच घोटाळा. दोन्ही ब्रॅकेटं डाव्या बाजूची.

कशी झाली ते ऐका, कारण ही चूक जगात फक्त तुमच्या बंधूंनाच जमली असती. छापखान्यातला माणूस. त्याच्या हाताला जन्माची सवय, की समोर दिसतं ते उलटं असतं आणि कागदावर ते सुलट उमटतं. उजव्या बाजूसाठी पुठ्ठा उलटा करायचा हे त्यांना बरोबर कळलं. त्यांनी तो उलटा केला, पत्र्यावर ठेवून रेघ मारली. मग जुन्या सवयीनं मनाशी म्हणाले की हे उलटं उमटलं, आता सुलट करून घेऊ, आणि परत एकदा उलटवून त्याबरहुकूम कापलं. झालं. दोनदा उलटलं की माणूस होता तिथेच येतो.

मी म्हटलं, "दोन्ही डावी आहेत."

"माप तंतोतंत आहे," तुमचे बंधू म्हणाले.

"माप बरोबर आहे. बाजू चुकली. दोन डाव्या बाह्यांचा ब्लाउज होतो का?"

डॉक्टर मध्ये पडले. "वहिनी, लोखंडाला काही डावं-उजवं नसतं."

"पेशंटच्या उजव्या दाढेऐवजी डावी काढलीत की त्याला हेच सांगत होता का?"

शेजारीण, म्हणजे डॉक्टरांची बायको, कुंपणापलीकडून इतकं हसली की मला वाटलं या प्रश्नामागे काहीतरी इतिहास आहे.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एवढी वर्षं मी बसून काढली, लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली, आणि चुकीच्या माणसाला जोडलं तर काय होतं ते कानांनी ऐकलं. म्हणून केवळ डोळ्यांसमोर नासधूस बघवेना एवढ्याचसाठी, उजव्या ब्रॅकेटचा कागद मी कापून दिला. शिवणाचा कापतात तसा, वेल्डिंगला जागा सोडून. मग पाट्यांच्या मागच्या टोकांना लोंबत्या कड्या लागतात, त्यांचाही कागद कापून दिला. मग अ‍ॅक्सलवर पाटा बसायची बैठक असते, तिचाही. आणि कापताना कापणाऱ्याचा हात कापतो म्हणून (दातांच्या डॉक्टरांचा हात कापावा ही काही भरवशाची गोष्ट नाही) ते घासायचं मशीन मी जरा धरलं. जरा म्हणजे दुपारभर. यापलीकडे माझा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही.

खरा प्रसंग पुढेच आहे. पाटे लावले, अ‍ॅक्सल वेल्डिंगच्या कच्च्या टाक्यांवर बसवला आणि जॅक काढले, तर गाडी नाक वर करून उभी. एखाद्या नवश्रीमंत बाईनं जिना उतरावा तशी. कारण शोधता शोधता दोघांचा दिवस गेला. कारण बैठकीच्या खोलीत होतं. वेल्डिंगला जागा व्हावी म्हणून त्यांनी इंजिन बाहेर काढलं होतं, आणि ते सध्या आमच्या बैठकीत एका टायरवर विराजमान आहे. (मी त्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ घातला आहे. विमा एजंट आला होता, त्यानं त्यावर हॅट ठेवली.) आता इंजिनाचं वजनच नाही तर पाटे दबणार कसे, आणि पाटे दबल्याशिवाय अ‍ॅक्सलचा कोन कळणार कसा? कोन चुकला तर चाकं सरळ चालायची नाहीत आणि स्टिअरिंग हातात ठरायचं नाही. इंजिन परत बसवावं, तर ते नेमकं टाके घालायच्या जागेवर बसतं.

मग वजन शोधणं सुरू झालं. वाळूची पोती ठेवली, ती ब्रॅकेटच्या धारेवर फाटून डॉक्टरांच्या कॉलरमध्ये रिकामी झाली. तुमच्या बंधूंनी पलंगाखालचे शिशाच्या खिळ्यांचे खोके बाहेर काढले, त्यांच्या छापखान्याची ती शेवटची आठवण. गाडी बरीच खाली आली, पण पुरती नाही. आणि मग, वन्सं, दोघांची नजर हळूहळू माझ्याकडे वळली. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, तुमचं वजन अंदाजे..." मी म्हटलं, "वाक्य पुरं करून दाखवा." त्यांनी केलं नाही. ते शहाणे आहेत. पण तुमच्या बंधूंनी, कुणी विचारलेलं नसताना, आकडा सांगितला. बरोबर सांगितला, हा त्यातला सर्वांत मोठा अपमान.

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. टपालवाला वाटेत पत्रं वाचतो असा मला संशय आहे. मी एवढंच सांगितलं की मी एका चांगल्या शाळेत शिकलेली बाई आहे, पाठ ताठ ठेवून खुर्चीत बसायला मला शिकवलं आहे, आणि मी कोणाच्याही गाडीच्या इंजिनाची जागा घेणार नाही.

तब्येतीला जपा. उगाच दारात उभ्या राहून रस्ता बघू नका, गुडघ्याला गारवा लागतो. डॉक्टर आणि त्यांची बायको तुम्हाला नमस्कार सांगतात.

तुमची भावजय

ता. क. एक सांगायचं राहिलं, खरं तर त्यासाठीच कागद घेतला होता. हा नवा अ‍ॅक्सल जुन्यापेक्षा रुंद आहे. चाकं अंगाबाहेर आली आहेत. तुमच्या फाटकाच्या दोन खांबांमधलं अंतर आतून मोजून कळवा. शिवणाच्या टेपनं मोजा, काठीनं नको. तुमची काठी दर वर्षी झिजते. अंतर कमी भरलं तर आम्ही बाहेर उभे राहू, पण ते डॉक्टरांच्या कानावर घालणार नाही. त्यांनी खांब बघितला की म्हणतील, काढावा लागेल.

पुन्हा ता. क. अक्षराबद्दल वर क्षमा मागितली त्याचं कारण लिहायचं राहिलं. मी इंजिनाच्या जागी बसले आहे. खाली फळी, फळीखाली ठिणग्यांसाठी ओली सतरंजी, डावीकडे शिशाचे खोके, उजवीकडे शेजारीण स्वेटर विणते आहे. पाठ ताठ आहे. आमच्या पायाखाली डॉक्टर टाके घालताहेत आणि मी पान उलटलं की खालून ओरडतात, "वहिनी, हलू नका." पत्र एवढं लांबलं ते त्यामुळेच, उठायची परवानगी मिळाली असती तर चार ओळींत आटोपलं असतं.

आणखी एक, हे शेवटचं. तुमचं वजन कळवा. गाडीत पुढच्या जागेवर तेवढं वजन ठेवून मगच टाके पक्के करायचे असं तुमच्या बंधूंनी ठरवलं आहे. डॉक्टर सांगून थकले की एका माणसानं कोनात केसाइतकाही फरक पडत नाही. पण ते ऐकत नाहीत. म्हणतात, ताई आत बसली की गाडी सरळ उभी राहिली पाहिजे, मग ती नसताना कशी का राहीना. तेव्हा आकडा खरा लिहा आणि पिशवी भरून ठेवा. तुम्ही येऊन बसेपर्यंत ही गाडी आता नाक वर करूनच हिंडणार आहे, आणि एका घरात तसं करायला मी पुरेशी आहे.